हलत्या भिंतीने ड्रॅग कमी करायचा तर: आधी हिशेब, मग सिम्युलेशन

नळीतून पाणी जोरात वाहतंय आणि नळीची भिंत आपण प्रवाहाला आडवी, डावी-उजवीकडे झुलवली, तर घर्षण वाढेल की कमी होईल? पहिलं उत्तर 'वाढेल' असंच येतं. वाहत्या पाण्याला वरून आणखी ढवळलं तर ते शांत कसं होणार? पण १९९२ साली जुंग, मंजियावाकी आणि अखावन यांनी संगणकावर हेच करून पाहिलं आणि भिंतीवरचं घर्षण ४० टक्क्यांपर्यंत उतरलं. त्यानंतर प्रयोगशाळांमध्येही ते दिसलं. परिणाम खरा आहे यात आता वाद नाही. वाद आहे तो भिंत हलवायला जी ऊर्जा लागते ती वजा करून हातात काय उरतं, यावर.

हा लेख ज्याला हे स्वतः करून पाहायचंय त्याच्यासाठी आहे: द्रवगतिकी शिकलेला, एखादा सीएफडी कोड (द्रवप्रवाहाची गणना करणारा प्रोग्राम) चालवता येणारा, पण ड्रॅग रिडक्शनच्या, म्हणजे प्रवाहाचा रोध कमी करण्याच्या, वाटेला न गेलेला. माझा क्रम नेहमीच्या क्रमापेक्षा उलटा आहे. बहुतेक जण आधी सिम्युलेशन चालवतात, ३० टक्के घट पाहून हरखतात आणि ऊर्जेचा हिशेब शेवटच्या पानावर उरकतात. मीही तसंच केलं होतं आणि दोन आठवड्यांची गणनं फुकट घालवली होती. तो हिशेब कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांत होतो, म्हणून तो आधी.

१. आपला ड्रॅग नक्की कुठला?

ड्रॅगचे दोन भाग असतात: आकारामुळे पुढे-मागे दाबाचा फरक पडतो तो, आणि पृष्ठभागावर द्रव घासतो तो. भिंत हलवण्याची ही पद्धत फक्त दुसऱ्यावर चालते. लांब पाइप, जहाजाचं पाण्याखालचं अंग, विमानाचं धड इथे घर्षणाचा वाटा मोठा असतो, तिथे ती लागू. चौकोनी ट्रकच्या मागच्या भोवऱ्यांवर तिचा काही उपयोग नाही. तुमचा प्रश्न तसा असेल तर इथेच थांबा आणि आकार बदला.

२. सगळं वॉल युनिटमध्ये बोला

भिंतीलगतच्या टर्ब्युलन्सला, म्हणजे खळबळत्या प्रवाहाला, तुमचे मीटर-सेकंद कळत नाहीत. त्याची स्वतःची मापं आहेत. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (दर क्षेत्रफळाचं घर्षणबल) भागिले घनता, त्याचं वर्गमूळ म्हणजे घर्षणवेग. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीला (चिकटपणा भागिले घनता) घर्षणवेगाने भागलं की लांबीचं एकक मिळतं, घर्षणवेगाच्या वर्गाने भागलं की वेळेचं. या एककांत मोजलेल्या राशीला 'प्लस' लावतात: टी-प्लस म्हणजे भिंतीच्या झोक्याचा आवर्तकाल, डब्ल्यू-प्लस म्हणजे भिंतीचा कमाल वेग.

या मापांत चित्र सगळीकडे जवळपास सारखंच दिसतं. भिंतीपासून ५ एककांपर्यंत व्हिस्कॉसिटीचं राज्य, ५ ते ३० हा बफर थर, त्याच्या वर लॉगरिदमिक भाग. बफर थरात संथ आणि वेगवान प्रवाहाचे लांबट पट्टे असतात, एकमेकांपासून साधारण १०० एककांवर. त्यांच्या वर-बाजूला प्रवाहाच्या दिशेने पसरलेले भोवरे फिरत असतात. हे भोवरे वरचं वेगवान पाणी खाली भिंतीवर आपटतात. टर्ब्युलंट घर्षण जास्त असतं ते मुख्यतः याच आपटण्यामुळे.

भिंत आडवी झुलली की तिच्यालगतचा पातळ थर तिच्याबरोबर झुलतो. पट्टे बाजूला ओढले जातात, भोवरे मात्र थोडे वर असल्याने जागेवरच राहतात. दोघांची जोडी मोडते आणि पट्टे-भोवरे यांचं एकमेकांना पोसणारं चक्र कमजोर पडतं. झोका फार मंद असेल तर प्रवाहाला नव्या दिशेशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो आणि सगळं पूर्ववत होतं. फार जलद असेल तर झुलणारा थर इतका पातळ होतो की पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून मधला आवर्तकाल चांगला: टी-प्लस १०० ते १२५.

या झुलणाऱ्या थराला स्टोक्स थर म्हणतात. त्याची जाडी म्हणजे टी-प्लसला पायने (π ने) भागून घेतलेलं वर्गमूळ. टी-प्लस १०० असेल तर ५.६. म्हणजे नेमकी बफर थराच्या उंबऱ्यापर्यंत.

आता हे खऱ्या एककांत उतरवा, कारण इथे पहिला धक्का बसतो. हवा, वेग सेकंदाला १० मीटर, घर्षणवेग साधारण ०.४ मीटर. टी-प्लस १०० म्हणजे ९.४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १०७ झोके. डब्ल्यू-प्लस १२ घेतलं तर भिंतीचा कमाल वेग सेकंदाला ४.८ मीटर आणि झोका दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर. यातून त्वरण काढा: गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पटींहून जास्त! असा पत्रा हलवणारं यंत्र बनवायचं म्हटलं की उत्साह जरा निवतो. तेच संथ पाण्यात, घर्षणवेग सेकंदाला १२ मिलिमीटर असताना, आवर्तकाल ०.७ सेकंद आणि झोका १६ मिलिमीटर. हे साध्या मोटारीने आणि क्रँकने जमतं.

३. कागदावरचा हिशेब

भिंत झुलवायला द्रवाच्या चिकटपणाविरुद्ध किती ताकद (पॉवर, म्हणजे दर सेकंदाची ऊर्जा) लागते, हे स्टोक्स थराच्या गणितातून थेट निघतं. वॉल युनिटमध्ये, भिंतीच्या प्रत्येक एकक क्षेत्रफळाला:

लागणारी ताकद = ½ × (डब्ल्यू-प्लस)² × √(पाय ÷ टी-प्लस)

आणि प्रवाह पुढे ढकलायला पंप जी ताकद लावतो ती त्याच एककांत म्हणजे प्रवाहाचा सरासरी वेग भागिले घर्षणवेग. घर्षण रेनॉल्ड्स संख्या (वॉल युनिटमध्ये मोजलेली चॅनेलची अर्धी उंची) २०० असलेल्या सपाट चॅनेलमध्ये हा आकडा सुमारे १६ येतो.

पहिली नोंद. डब्ल्यू-प्लस १२, टी-प्लस १००. लागणारी ताकद ½ × १४४ × ०.१७७, म्हणजे १२.८. भागिले १६, म्हणजे पंपाच्या ताकदीच्या ८० टक्के. अशा झोक्याने घर्षण साधारण एक-तृतीयांश घटतं. म्हणजे ३३ रुपये वाचवायला ८० खर्च.

दुसरी नोंद. डब्ल्यू-प्लस ४.५, टी-प्लस १२५. ½ × २०.२५ × ०.१५९, म्हणजे १.६. भागिले १६, म्हणजे १० टक्के. घट १७ टक्क्यांच्या आसपास. शिल्लक ७ टक्के. क्वाड्रिओ आणि रिक्को यांनी २००४ साली सविस्तर गणनांनंतर निव्वळ बचतीचा कमाल आकडा ७.३ टक्के दिला, तो याच जागी. त्याच अभ्यासात सगळ्यात मोठी घट ४४.७ टक्के होती, डब्ल्यू-प्लस २७ ला. वरच्या सूत्रात २७ टाकून बघा: पंपाच्या साडेतीन-चार पट ताकद लागते.

कारण उघड आहे. खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो, घट मात्र हळूहळू सपाट होत जाते. तेव्हा मोठ्या झोक्याच्या नादी लागू नका. नफा असेल तर तो छोट्या वेगात आहे, आणि तिथे घट १५-१७ टक्क्यांचीच असणार. शिवाय या हिशेबात बेअरिंगचं घर्षण, मोटारीचं नुकसान, पत्र्याचं वजन पुढे-मागे फेकण्याची ऊर्जा यातलं काहीच नाही. एकही हलता भाग नसलेल्या बारीक खाचांच्या पृष्ठभागाने, म्हणजे रिबलेट्सने, प्रयोगशाळेत ८ टक्क्यांच्या आसपास घट फुकट मिळते. सात टक्क्यांसाठी भिंत झुलवणाऱ्याने ही तुलना मनात ठेवलेली बरी.

मग हे करायचंच कशाला? कारण हा सगळ्यात साधा प्रकार आहे आणि याहून काटकसरी प्रकार याच्याच पोटातून निघतात. त्याकडे पुढे येतो.

४. आधी स्थिर भिंत, आणि ती चोख

टर्ब्युलन्स मॉडेल आणि वॉल फंक्शन वापरून हे होणार नाही. वॉल फंक्शन नेमका तोच भाग गृहीत धरून झाकतं जिथे आपल्याला लुडबूड करायची आहे. डीएनएस (सगळे भोवरे मॉडेलशिवाय थेट सोडवणारी गणना) हवं, किंवा भिंतीपर्यंत ग्रिड नेणारं एलईएस (फक्त मोठे भोवरे सोडवणारी गणना). कान्स, एक्सकॉम्पॅक्ट-थ्रीडी असे मोकळे कोड या कामाला चांगले. ओपनफोमही चालेल, फक्त त्याची अचूकता कमी दर्जाची असल्याने ग्रिड जास्त बारीक घ्या.

पडताळणीसाठी किम, मोइन आणि मोझर यांचं १९८७ चं चॅनेल धरा. घर्षण रेनॉल्ड्स संख्या १८०, पेटी (गणनेत घेतलेला प्रवाहाचा तुकडा) चॅनेलच्या अर्ध्या उंचीच्या ४ पाय पट लांब आणि २ पाय पट रुंद, १९२ × १२९ × १६० बिंदू, म्हणजे सुमारे ४० लाख. तेव्हा त्याला सुपरकॉम्प्युटर लागला, आज एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर मावतं. तुमच्या गणनेत सरासरी वेग भागिले घर्षणवेग १५.६ च्या आसपास आणि घर्षणांक ०.००८१८ जवळ यायला हवा.

इथे एक सापळा आहे. स्थिर भिंतीसाठी स्वतः गणना न करता घर्षणांकाचं डीन यांचं तयार सूत्र वापरून मोकळं होण्याचा मोह होतो. ते सूत्र याच प्रवाहाला ०.००८४४ देतं, म्हणजे ३ टक्के जास्त. एरवी कुणी लक्षही देणार नाही. पण आपली सगळी शिल्लक ७ टक्क्यांची आहे. त्यात ३ टक्के नुसत्या तुलनेच्या चुकीचे आले तर उरलं काय? स्थिर भिंत आणि हलती भिंत यांची पेटी, ग्रिड, कोड, टाइम स्टेप सगळं तंतोतंत एकच ठेवा.

पेटी छोटी करून वेळ वाचवता येतो हेही खरं. हिमेनेझ आणि मोइन यांनी १९९१ साली दाखवलं की १०० एककांच्या आसपास रुंदीच्या, जेमतेम एक पट्टा मावेल अशा पेटीतही टर्ब्युलन्स टिकतो. टी-प्लस ५० चांगला की २००, असा कल पाहायला छोटी पेटी वापरा. टक्केवारी सांगायला वापरू नका, कारण तिथला प्रवाह अधूनमधून विझल्यासारखा होतो आणि घट फुगून दिसते.

५. भिंत हलवा आणि स्टोक्सला साक्षीला बोलवा

सीमेवरची अट एका ओळीची आहे: आडवा वेग = कमाल वेग × साइन(२ पाय × वेळ ÷ आवर्तकाल). दोन्ही भिंतींना तीच द्या. ओपनफोममध्ये 'कोडेड-फिक्स्ड-व्हॅल्यू' प्रकारच्या सीमेत ती थेट लिहिता येते. पहिला ग्रिड बिंदू भिंतीपासून १ एककाच्या आत आणि पहिल्या १० एककांत किमान आठ-दहा बिंदू, नाहीतर स्टोक्स थर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसेल. एका झोक्यात टाइम स्टेपही काहीशे तरी असू द्या.

घर्षणाकडे बघण्याआधी एक तपासणी करा. आडव्या वेगाची संपूर्ण प्रतलावर आणि झोक्याच्या एकाच टप्प्यावर सरासरी घ्या. ती स्टोक्सच्या शांत, टर्ब्युलन्स नसलेल्या उत्तराशी जवळपास रेघेवर रेघ जुळते: भिंतीपासून वर जाताना घातांकी घट आणि तितकाच मागे पडत जाणारा टप्पा. सभोवती एवढा गोंधळ असताना हे साधं वक्र हुबेहूब उमटतं, हे पहिल्यांदा पाहताना मजा वाटते. जुळलं नाही तर चूक कोडमध्ये आहे. बहुतेक वेळा एकच भिंत हललेली असते, किंवा वेग द्यायच्या जागी विस्थापन दिलेलं असतं.

६. किती थांबायचं, काय धरून ठेवायचं

झोका सुरू केल्यावर घर्षण लगेच कोसळतं, कधीकधी अंतिम पातळीच्याही खाली जातं आणि मग सावकाश वर येऊन स्थिरावतं. याला हजार वॉल-वेळ एककंही लागू शकतात. तो सगळा भाग फेका. सुरुवातीचा खड्डा सरासरीत आला की घट आयती वाढते, आणि दुर्दैवाने तो आकडा दिसायला छान असतो.

नंतरची सरासरी पूर्ण झोक्यांवरच घ्या, अर्धवट झोका शेवटी लोंबकळू देऊ नका. नोंद पाच-सहा तुकड्यांत कापा, प्रत्येकाची घट वेगळी काढा. तुकड्यांतला फरक एक टक्क्याहून मोठा असेल तर गणना लांबवा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. पंप स्थिर प्रवाहदर ठेवणार की स्थिर दाबउतार? स्थिर प्रवाहदरात घर्षण उतरतं. स्थिर दाबउतारात सरासरी घर्षण बदलूच शकत नाही, कारण ते दाबानेच ठरतं. तिथे फायदा वाढलेल्या प्रवाहाच्या रूपाने दिसतो. मी एकदा दाबउतार स्थिर ठेवून दिवसभर घर्षणाच्या आलेखात घट शोधत होतो. ती तिथे असणारच नव्हती.

याला जोडून आणखी एक गोम. स्थिर प्रवाहदरात घर्षण ३३ टक्के उतरलं की घर्षणवेग मूळच्या ०.८२ पट होतो. म्हणजे तुम्ही १०० म्हणून ठेवलेला टी-प्लस नव्या एककांत ६७ झाला आणि १२ चा डब्ल्यू-प्लस १४.६ झाला. दोन अभ्यासांतले 'सर्वोत्तम आवर्तकाल' वेगळे दिसतात त्यामागे बरेचदा एवढंच असतं. तुमचं एकक स्थिर भिंतीच्या घर्षणवेगावर आहे की हलत्या, हे प्रत्येक आलेखाखाली लिहा.

७. झोक्याकडून लाटेकडे

सगळी भिंत एकदम हलवण्याऐवजी आडव्या वेगाची लाट प्रवाहाच्या दिशेने सोडली तर? भिंतीचा प्रत्येक बिंदू अजूनही डावी-उजवीकडेच जातो, पण शेजारचा बिंदू किंचित मागे-पुढे असतो. भिंतीलगतचे पट्टे-भोवरे घर्षणवेगाच्या साधारण १० पट वेगाने पुढे वाहत असतात, आणि हा १० चा आकडा सगळं उलगडतो. समजा लाट वेळेनुसार हलतच नाही, भिंतीवर फक्त जागोजागी आलटून-पालटून आडवा वेग आहे. तिच्यावरून वाहणाऱ्या भोवऱ्याला मात्र ती झुलतीच वाटते. त्याला १२५ चा आवर्तकाल जाणवायचा तर तरंगलांबी १० × १२५, म्हणजे १२५० हवी. व्हिओट्टी, क्वाड्रिओ आणि लुकिनी यांना २००९ मध्ये स्थिर लाटेसाठी चांगली तरंगलांबी सापडली ती हीच.

त्याच वर्षी क्वाड्रिओ, रिक्को आणि व्हिओट्टी यांनी सरकत्या लाटांचा सगळा नकाशा काढला. हळू पुढे सरकणारी लाट सर्वांत चांगली, डब्ल्यू-प्लस १२ ला ४८ टक्क्यांपर्यंत घट. उलट दिशेची लाट कुठल्याही वेगाला फायद्याची. पण पुढे जाणारी लाट त्या १० च्या आसपास वेगाने निघाली की घर्षण वाढतं. भोवरा आणि लाट बरोबरीने चालले की भोवऱ्याला झोका जाणवतच नाही, नुसता एका बाजूचा ढकल जाणवतो.

तेव्हा तरंगलांबी आणि वारंवारता यादृच्छिक निवडू नका. आधी दोन्हींचा गुणाकार करून लाटेचा वेग काढा. तो घर्षणवेगाच्या ५ ते १५ पट येत असेल तर त्या जागेपासून दूर राहा. आणि पेटीच्या लांबीत पूर्ण लाटा मावल्या पाहिजेत, हे इतकं उघड आहे की विसरलं जातं.

८. प्रयोग करायचा असेल तर

संथ पाणी घ्या, कारण वर मांडलेलंच. सपाट भिंतीवर लाट उठवणं कठीण, म्हणून आउतेरी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली शक्कल लढवली: पाइपचे पातळ वेढे कापून प्रत्येक वेढा स्वतंत्रपणे आपल्या अक्षाभोवती मागेपुढे फिरवला. वेढ्यांच्या गतीतल्या फरकातून लाट तयार होते. त्यांना ३३ टक्के घट मिळाली.

हलणारा पत्रा स्प्रिंगवर बसवून त्याच्या नैसर्गिक वारंवारतेला झुलवा, म्हणजे वस्तुमान फेकण्याची ऊर्जा स्प्रिंग परत देते आणि मोटारीला फक्त नुकसान भरून काढावं लागतं. ताकद मोजताना पाणी नसतानाची मोजणी वेगळी करून वजा करा. आणि घर्षण पत्र्याच्या पुढच्या कडेशी मोजू नका. प्रवाहाला हलत्या पृष्ठभागावर आल्यावर बदलायला काही अंतर लागतं.

९. मोठ्या रेनॉल्ड्स संख्येला

वरचे सगळे आकडे घर्षण रेनॉल्ड्स संख्या २०० च्या आसपासचे. विमान-जहाजांवर ती हजारांत, लाखांत जाते. जुनी भीती अशी की घट तिथे विरत जाईल. २०२१ मध्ये इव्हान मारुसिक आणि सहकाऱ्यांनी ही संख्या १२,८०० पर्यंत नेऊन मोजणी केली. नेहमीच्या जलद झोक्याने ६,००० ला २५ टक्क्यांपर्यंत घट मिळाली, पण खर्च बचतीहून जास्त. मग त्यांनी झोका खूप मंद केला, भिंतीपासून दूरच्या मोठ्या भोवऱ्यांच्या तालावर. १२,८०० ला १३ टक्के घट मिळाली, खर्च बराच कमी, आणि रेनॉल्ड्स संख्येबरोबर घट वाढत गेली.

कागदावरचं सूत्र याला दुजोराच देतं: आवर्तकाल चौपट केला की तेवढ्याच वेगासाठी ताकद निम्मी. पण ही वाट तुमच्या २०० च्या चॅनेलमध्ये तपासता येणार नाही. तिथे ते मोठे भोवरे जन्मालाच आलेले नसतात, आणि टी-प्लस ४०० चा झोका देऊन 'फायदा नाही' असा निष्कर्ष काढलात तर तो फक्त तुमच्या छोट्या चॅनेलबद्दलचा असेल. ते तपासायचं तर संख्या काही हजारांत न्या, आणि पेटी मोठ्या भोवऱ्यांना पुरेल इतकी लांब-रुंद घ्या.